शाई सुकेपर्यंत

लिफ्टचं दार बंद होता होता पुन्हा उघडलं आणि चौथ्या मजल्यावरची ती दीड-दोन वर्षांची मुलगी आत आली. तिच्यामागे तिची आई, दोन्ही हातांत पिशव्या आणि घराची किल्ली दातांत धरलेली. मुलीने वर मान करून माझ्याकडे पाहिलं, का कोण जाणे ओळखीचं हसली, आणि दोन्ही हात वर केले. उचल. एवढंच. आणि मी माझे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मागे सरले, इतकी झटकन की लिफ्टच्या आरशाला डोकं लागलं. "आजींचे गुडघे दुखतात ना गं," तिची आई किल्ली न काढताच म्हणाली. माझी मुलगी माझ्या शेजारीच होती, मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन येत होती. ती वाकली, मुलीला उचलून कडेवर घेतलं, चौथा मजला येईपर्यंत तिच्या नाकाला नाक लावत राहिली. त्या दोघी उतरल्यावर दार मिटलं, तेव्हा माझी मुलगी आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, तू हात लपवलेस."

"काहीतरीच काय. हात कशाला लपवीन?"

"बरं. नाही लपवलेस."

गुडघे दुखतात हे खरं आहे. पण हात काही गुडघ्यांनी मागे नेले नाहीत. आता ती आत चहा टाकते आहे आणि मी खिडकीपाशी खुर्चीत बसले आहे. डोळ्यांत औषध घातल्यामुळे सगळं पांढुरकं दिसतं, समोरच्या इमारतीच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या आहेत. हात मांडीवर आहेत. एकोणऐंशी वर्षांचे हात, शिरा वर आलेले, उजव्या मधल्या बोटाला अजून घट्टा. त्यांना पन्नास वर्षांपूर्वीची एक आज्ञा आठवते आणि मला न विचारता ते ती पाळतात, ह्याचं मला आज लिफ्टमध्ये भय वाटलं.

तो घट्टा पेनचा. मी ट्रेसर होते. आता तो धंदाच उरला नाही, म्हणून सांगावं लागतं. मोठ्या खोलीत दोन रांगांनी उतरते बोर्ड, वर लोंबणारे दिवे, आणि प्रत्येक बोर्डाला एक बाई. साहेब लोक पेन्सिलीने नकाशे काढत, पुलांचे, शाळांचे, पाण्याच्या टाक्यांचे. त्यावर आम्ही ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि पेन्सिलीची रेघ न रेघ काळ्या शाईने गिरवायची. कापड निळसर, पातळ, खळीने कडक केलेलं. आधी त्यावर खडूची पूड चोळायची म्हणजे हाताचा चिकटपणा जातो आणि शाई धरते. वाया गेलेला तुकडा गरम पाण्यात भिजवला की खळ निघून जाई आणि आत जे मऊ कापड निघे त्याची आम्ही बायका तान्ह्या मुलांची झबली शिवायचो. माझ्या मोठीची पहिली टोपरी त्याच कापडाची. एका टोपऱ्याच्या कडेला धुऊनही न गेलेली एक आकड्याची सावली होती, तीन असावी किंवा आठ. शाई सुकायला वेळ लागे. ओल्या शीटवर तांबड्या कागदाची एक पट्टी ठेवायची, आणि पट्टी असेपर्यंत त्या शीटला कोणी, अगदी मोठ्या साहेबांनीसुद्धा, हात लावायचा नाही. सुकली का हे बघायचं ते करंगळीच्या पाठीने, नखाच्या अंगाने, कोपऱ्यातल्या रेघेवर अगदी हलकेच. बोटांच्या टोकांना घाम असतो. आणि चूक झालीच तर दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन खरवडायचं, मग नखाने घोटून गुळगुळीत करायचं. पण खरवडलेल्या जागी कापडाचे तंतू सुटतात. तिथे पुन्हा रेघ मारली तर ती कडेने फुटते, केसाळ होते. उजेडासमोर धरलं की कुठे कुठे हात चुकला होता ते सगळं दिसतं.

दुसऱ्या खेपेला पोट लवकर दिसतं, हे सगळ्या बायका सांगतात. मला चौथा लागला होता आणि ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. एका शाळेची शीट होती, जिने आणि खिडक्या, तीन दिवसांचं काम. वरच्या कोपऱ्यातलं शीर्षक लिहायला मी बोर्डावर ओणवी झाले आणि सरळ झाले तेव्हा खालच्या काठाशी, ओल्या जिन्यावर, एक वाकडा काळा फराटा उठलेला. हात जागेवर होता. बाही वर होती. मी खाली पाहिलं तर माझ्या कपड्यावर, बेंबीच्या जरा वर, जिन्याच्या पायऱ्या उमटल्या होत्या. माझं पोट तिथवर पोहोचलं आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. आमच्या हेडबाई, पांढऱ्या केसांच्या आणि जन्मभर एकट्या राहिलेल्या, चष्मा कपाळावर चढवून आधी शीटकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ओल्याला हात लावू नये हे तुला शिकवलं होतं. पोट लावू नये हे शिकवायचं राहिलं, बाई." सगळी खोली हसली. शेजारच्या बोर्डावरच्या मैत्रिणीने विचारलं, "कितवा?" आणि मी लाजून मान खाली घातली, आणि ब्लेड घेऊन दोन तास तो फराटा खरवडत बसले, पाठ वाकवून, श्वास धरून. त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मला रक्त दिसलं. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं डॉक्टरीणबाईंनी मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा रागावूनच. पण मन कुठे ऐकतं. ते अजूनही दोन्ही गोष्टी एकाच शीटवर बघतं.

डॉक्टरीणबाई आखूड केसांच्या, भराभर बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "खाटेच्या पायथ्याखाली दोन्हीकडे दोन दोन विटा लावा. डोकं खाली, पाय वर. डाव्या कुशीवर झोपायचं. उठायचं नाही. कशालाही उठायचं नाही, कळलं? भांडं खाटेवर द्यायचं."

"किती दिवस?"

"दिवस कसले मोजता? महिने. आणि मोठीला उचलायचं नाही. रडली तरी नाही, पडली तरी नाही. ह्या वेळी एक झटका बसला तर पुढे मला काही करता येणार नाही. आधीच सांगून ठेवते."

मोठी साडेतीन वर्षांची होती. नाव काहीही असलं तरी तिला सगळे टिंबू म्हणत. हेडबाईंनी ठेवलेलं, कारण ऑफिसात आणली की ती कोपऱ्यात बसून वाया गेलेल्या कापडावर नुसती टिंबं काढत बसे. ती चालायची, पळायची, पण जिना आला, रस्ता आला, झोप आली, राग आला की दोन्ही हात वर. शब्द नाही, नुसते हात. मी न बघता वाकायचे आणि ती न बघता गळ्यात पडायची. हे आम्ही दिवसातून वीस वेळा करत असू आणि वीसपैकी एकही मला वेगळा आठवत नाही. आठवतो तो पहिला, जो मी केला नाही. विटा लावलेल्या त्या खाटेपाशी ती येऊन उभी राहिली, हात वर केले, आणि मी उताणी, पायांपेक्षा डोकं खाली, छताकडे तोंड. "आईला बरं नाही," सासूबाई म्हणाल्या. ते तिला पटलं नाही. बरं नसताना मी तिला जास्तच जवळ घ्यायचे. ती हात वर करून उभीच. मग मला ऑफिसातली ती पट्टी आठवली. मी ह्यांना म्हटलं, माझ्या पेटीतून एक तांबडी पट्टी द्या. ती खाटेच्या उशागतीला टाचणीने लावली आणि तिला सांगितलं, "टिंबू, आई ओली आहे. सुकली की उचलीन."

ते तिला लगेच पटलं. ओल्याला हात लावायचा नाही हे ती ऑफिसात पाहून शिकली होती. हात खाली आले. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "ओली बाळंतीण ऐकली होती. बाळंतपणाच्या आधीच ओली झालेली ही पहिलीच." हे हसले, मीसुद्धा हसले. सासूबाईंचं हे असंच, तोंड फटकळ आणि हात मायेचे. माझं भांडं देताना आणि नेताना त्यांनी एकदाही नाक मुरडलं नाही, आणि त्यासाठी त्यांच्या शंभर टोमण्यांवर मी पाणी सोडलं आहे. पण त्या दिवशी मी काय केलं ते मला पुढे कळलं. बरं नसतं तेव्हा माणूस बरं होतं किंवा होत नाही, ते देवाच्या किंवा डॉक्टरांच्या हाती. शाई मात्र सुकतेच. एक तास, दोन तास, दमट हवेत फार तर उद्या सकाळी. मी तिला असं काहीतरी कबूल केलं होतं जे उद्या सकाळी व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती उठल्या उठल्या आली, करंगळी उलटी केली आणि माझ्या दंडाला हलकेच लावून पाहिली. "सुकलीस?" नाही गं, अजून नाही. संध्याकाळी पुन्हा. "आता?" नाही. खूप शाई आहे का? हो, खूप आहे. कुठे आहे? मी पोटावर हात ठेवला. ती वाकून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने फुंकर मारली. पोटावर, गाल फुगवून, दम लागेपर्यंत. सासूबाईंनी तिला ओढून नेलं तोपर्यंत माझ्या गाऊनचा तेवढा भाग तिच्या थुंकीने खरोखरच ओला झाला होता. पुढे दोनदा तिने उशागतीची पट्टी काढून टाकली. तिचा हिशेब सरळ होता. पट्टी नाही म्हणजे ओली नाही. दुसऱ्यांदा टाचणी तिच्या बोटात गेली, तेव्हा ह्यांनी ती पट्टी कपाटाच्या वर, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. "आता काढ बघू," ते तिला थट्टेने म्हणाले. ह्यांचा स्वभाव गमत्या, आणि पोस्टातली ड्यूटी सकाळी सहाला सुरू, दिवसभर ते घरात नसत. तिने खिळ्याकडे पाहिलं.

पाचवा महिना मी त्या उतरत्या खाटेवर काढला. दोन विटांची उंची खाटेच्या लांबीला म्हणजे साधारण बारास एक असा ढाळ. चाकाच्या गाडीसाठी दारापाशी असाच उतार देतात, मी कित्येक गिरवले होते. सगळी खोली त्या ढाळाने कलली होती. कपाट माझ्या अंगावर येतंय असं वाटायचं, दिव्याची वायर भिंतीपासून फटकून लोंबायची, ग्लासातलं पाणी मला तिरकं दिसायचं, आणि रक्त डोक्यात उतरल्यामुळे कान सतत गरम. खिडकीतून आकाशाची एक पट्टी आणि समोरच्या गच्चीवरची टाकी. टाकी भरली की ओघळायची, मग कोणीतरी ओरडायचं, मग पंप बंद व्हायचा. त्याखेरीज करण्यासारखं एकच होतं. वाट बघणं. टिंबूच्या वेळी पाचवा लागता लागता हललं होतं. बसमध्ये, खिडकीशी, मी चक्क शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून हसले होते. दुसऱ्या खेपेला तर आधीच कळतं, ओळखीचं असतं ना. सासूबाई सकाळी विचारायच्या, "काही?" नाही. हे संध्याकाळी टोपी काढता काढता नुसत्या भुवया उंचवायचे. नाही. शेजारच्या बोर्डावरची मैत्रीण भेटायला आली, ऑफिसातल्या चार गमती सांगितल्या, शाळेची ती शीट पास झाल्याचं सांगितलं, आणि जाताना उंबऱ्यात थबकून म्हणाली, "हलतंय ना गं?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. तिचा चेहरा असा झाला होता की दुसरं काही बोलवलंच नाही.

डॉक्टरीणबाई घरी यायच्या. लाकडी नळीचं रुंद तोंड माझ्या पोटावर टेकवायच्या आणि दुसऱ्या टोकाला कान लावून डोळे मिटायच्या. त्यांचा कान इतका जवळ, त्यांच्या केसांना साबणाचा वास, आणि मी श्वास धरून त्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहायचे. जागा बदलायच्या, पुन्हा टेकवायच्या. टिंबू दारात उभी असायची, करंगळी उलटी धरून. "नीट लागत नाहीये अजून," बाई म्हणाल्या, "बाळाची वार पुढे असली तर असं होतं. आणखी दोन आठवडे बघू."

"आणि मग?"

"मग बघू म्हटलं ना."

म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी आत काय घेऊन पडले आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आज आत काय चाललंय ते पडद्यावर दाखवतात, टिंबूने तिच्या वेळचे फोटोसुद्धा मला दाखवले होते, तिच्या पोटातल्या पोराचे. आम्हाला काय, एक लाकडी नळी आणि एक कान. रक्त थांबलं होतं, पोट वाढत होतं असं सासूबाई म्हणायच्या आणि वाढत नाहीये असं मला वाटायचं. कधी दुपारी मनात येई की हे केव्हाच संपलं आहे आणि मी एका संपलेल्या गोष्टीसाठी हलत नाहीये. आणि ह्या संपलेल्या गोष्टीसाठी मी त्या जितीजागतीला रोज दोनदा नाही म्हणते आहे. असं मनात आलं की लगेच पोटावर हात ठेवून मी माफी मागायचे. कोणाची ते मला सांगता यायचं नाही. दोघांपैकी एकाचं केलं की दुसऱ्याचं पाप. उठून बसावं, तिला पोटाशी धरावं, व्हायचं ते होऊ दे, असं कितीदा वाटलं. पण हात आपोआप चादरीखाली जायचे. तेव्हापासूनच ते शिकले.

सहावा लागून आठवडा झाला असेल. दुपारची वेळ. सासूबाई स्वतःची औषधाची बाटली भरून आणायला दवाखान्यात गेल्या होत्या, जाताना टिंबू बाहेर पळू नये म्हणून दाराला बाहेरून कुलूप लावून. "अर्ध्या तासात आलेच," म्हणाल्या, "गुण्यागोविंदाने राहा दोघी." मी डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागे काहीतरी ओढल्याचा आवाज. "टिंबू, काय चाललंय?" काही नाही. मग लाकडावर लाकूड ठेवल्याचा. "टिंबू?" काही नाही म्हटलं ना, आई. मला झटकन वळायची बंदी. मी हळूहळू, आधी मान, मग खांदे, मग कंबर अशी वळेपर्यंत ती कपाटावर पोहोचली होती. कपाटाला लागून टेबल असायचं. त्यावर खुर्चीवरून चढून तिने बसायचं बुटकं स्टूल वर घेतलं होतं, आणि स्टुलावरून कपाटाच्या माथ्यावर. गुडघे टेकून, भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली, कॅलेंडरच्या खिळ्याची तांबडी पट्टी ओढून काढली, आणि वळली. चेहरा असा उजळलेला की मी ओरडायचं विसरले. "काढली," ती म्हणाली. "सुकलीस आता." वळताना तिचा पाय स्टुलाला लागला होता. ते टेबलावरून घसरून जमिनीवर पडलं. तिने खाली पाहिलं. टेबल खोल, लांब. खोली तिलाही तेव्हा कललेली दिसली असेल. तिने पट्टी एका मुठीत धरली आणि दोन्ही हात माझ्याकडे केले. "आई, उचल."

कपाट खाटेपासून चार पावलांवर होतं. चार पावलं, हात वर, एक झटका. मी सगळं मोजलं. मी हाक मारली, शेजारी, खाली, कोणीतरी या. दुपारी सगळे कामावर. "बाळा, खाली बस. बसून राहा. आजी येईल." ती रडायला लागली, आधी ओठ काढून, मग मोठ्याने. "पट्टी काढली ना! काढली ना मी!" तिचे पाय काठाशी आले होते. मी कोपर टेकून अर्धी उठले. पोटात खाली ओढ बसली आणि मी तशीच थांबले, ना झोपलेली ना बसलेली, घाम, कानात ठोके, आणि मी मनात म्हणत होते की मी उठते आहे, आता उठतेच आहे. आणि तेव्हा हललं. खाली, डाव्या बाजूला. पातळ कापडाच्या आतून कोणी करंगळीच्या पाठीने हलकेच लावून बघावं, तसं. एकदा. मग थांबून पुन्हा एकदा, जरा जोरात, माझी खात्री पटावी म्हणून. इतके आठवडे माझ्या अंगात जे आवळून बसलं होतं ते सगळं एकदम सुटलं. आणि मी हसले. मला हसू आवरलं नाही, तोंड भरून आलं, मी ते थांबवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. माझी पोर कपाटावर हात पसरून रडत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत हसत होते. तिने ते पाहिलं. तिचं रडणं अर्ध्यावर थांबलं. तिला वाटलं असेल की आता ही येते. ती पुढे झुकली, काठावरून, दोन्ही हात सोडून, जशी ती गळ्यात पडायची तशी. आणि मी ओरडले. "मागे हो!" असा आवाज माझ्या तोंडून त्याआधी कधी निघाला नव्हता. ती दचकून मागे भिंतीला आपटली आणि तिथेच बसली. पुन्हा रडली नाही. पाय पोटाशी घेऊन, पट्टी मांडीवर ठेवून बसून राहिली. मी हळूहळू परत आडवी झाले, एक हात पोटावर. मी तिच्याशी बोलत राहिले, काहीबाही, टाकीचं, आजीचं, हेडबाईंचं. तिने एकदाही उत्तर दिलं नाही. सासूबाई आल्या तेव्हा टाकी ओघळत होती.

त्यांनी तिला उतरवून घेतलं, तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला छातीशी धरून स्वतःच रडायला लागल्या. "हललं," मी म्हटलं. त्यांना दोन्हीपैकी आधी कशाचं करावं कळेना. टिंबू त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती करंगळी घेऊन आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही. चार महिन्यांनी धाकटा झाला, धडधाकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा ओरडत. विटा काढल्या, खोली सरळ झाली. मी बसती उठती झाल्यावर तिला जवळ बोलावलं, हात पुढे केले, म्हटलं, "टिंबू, ये, सुकले मी." तिने उगीच शिष्टाचार म्हणून करंगळीची पाठ माझ्या हाताला लावली. "हो," म्हणाली, आणि खेळायला गेली. सगळे म्हणत, किती शहाणी झाली पोर, काही मागत नाही. मी ते शहाणपण पन्नास वर्षं बघत आले आहे. शाळेत पडली तेव्हा गुडघा स्वतःच धुऊन आली. लग्न तिने तिचं ठरवलं, पहिली नोकरी, दुसरी नोकरी, नवऱ्याचं आजारपण, सगळं सांगितलं ते उरकल्यावर. माझ्याकडे दर रविवारी येते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेते, औषधांच्या डबीचे कप्पे भरून ठेवते. माझ्यासाठी ती सगळं करते आणि माझ्याकडून काही घेत नाही. मला नेहमी वाटत आलं की ते माझ्या त्या हसण्याने झालं. धाकट्याला ह्यातलं काही ठाऊक नाही, ह्यांना मी कधी सांगितलं नाही, सासूबाई तर गेल्याच. ती एक गोष्ट मी आजवर कोणापुढे उजेडात धरलेली नाही.

ती चहा घेऊन आली. माझ्या हातात कप देताना माझी बोटं स्वतःच्या हाताने त्याच्या कानाभोवती नीट बसवली, डोळ्यांच्या औषधामुळे मला दिसत नाही म्हणून. समोर स्टुलावर बसली.

"लपवले होतेस तू हात," ती म्हणाली.

"हो. लपवले."

"का गं?"

"सवय." मग मी विचारलं, आजवर कधी विचारलं नव्हतं. "तुला ते कपाट आठवतं? तू वर चढून बसली होतीस, लहानपणी?"

ती हसली. मला तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण हसणं ऐकू आलं. "न आठवायला काय झालं! पट्टी काढायला चढले होते. आजीने असा रट्टा घातला की अजून पाठ हुळहुळते."

"तू साडेतीन वर्षांची होतीस."

"असेन. पण ते आठवतं. खूप दिवस तू झोपूनच असायचीस ना. हसायचीस ती इतरांशी, माझ्याकडे बघितलंस की तुझं तोंड पडायचं. आणि त्या दिवशी मी पट्टी काढली आणि तू माझ्याकडे बघून अशी हसलीस, अशी हसलीस ना आई, की बस. मी रडायचीच थांबले." ती चहा प्यायली. "मला वाटलं, जमलं आपल्याला. आता ही बरी होणार. आणि झालीसही. मग मला घाईच राहिली नाही कशाची. अजून कधी फार वाईट दिवस आला ना, की मी ते तुझं तोंड आठवते. नवरा आयसीयूत होता तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून तेच आठवत होते. तुला सांगितलं नव्हतं का कधी?"

"नाही."

"सांगायचं राहिलं असेल."

मी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवायला गेले, कठडा सापडेना, तिने तो माझ्या हातातून घेतला. मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी हसले ते..." आणि थांबले. समोर तिचा चेहरा नुसता एक उजळ, कडा फुटलेला गोल होता. पन्नास वर्षं तिने ती रेघ एका जागी ठेवली होती, तिच्यावर किती आणि काय काय उभं केलं होतं. आणि ब्लेड माझ्या हातात होतं.

"ते काय?" तिने विचारलं.

"पट्टी बघूनच," मी म्हटलं. "एवढीशी तू, आणि वर पोहोचलीस कशी, म्हणून."

"मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि उठली, कप घेऊन आत गेली. नळ सुरू झाला. माझा हात मांडीवरून कधी वर सरकला ते मला कळलं नाही. खाली, डाव्या बाजूला, तिथेच जाऊन थांबला. आता तिथे काही नाही, सैल कातडी आहे आणि ऑपरेशनचा एक व्रण. तरी मी तो तिथेच राहू दिला.

"आई, काही म्हणालीस?" आतून तिचा आवाज आला, पाण्याच्या वरून.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही."